कोठीतली बेकरी

मी पुढे इंटिरिअरच्या कामात पुष्कळ दुकानं केली. साड्यांची केली, चपलांची केली, दाताच्या डॉक्टरांचा एक दवाखानाही केला. पण "तुमचं पहिलं काम कोणतं?" असं कुणी विचारलं की मी विषय बदलते. ते काम आठवलं की अजूनही माझं डोकं तडकतं. वसईतल्या सांडोरच्या अलीकडे आमचं गाव. त्या गावातल्या जुन्या दगडी कोठीत एक छोटी बेकरी बसवायची होती.

बेकरी माझ्या आतेभावाची. तो आखातातल्या एका मोठ्या हॉटेलात पाव, बिस्किटं आणि केक करायचा. तेव्हा ऐंशीचं दशक नुकतं लागलं होतं आणि आमच्या गावातल्या बऱ्याच घरांतला एक तरी माणूस तिकडे होता. त्या वर्षी तो सुट्टीवर आला. त्याची मुलगी चारेक वर्षांची असेल. तिने त्याला पाण्याचा तांब्या आणून दिला, समोर नीट बसली आणि विचारलं, "तुम्ही कधी जाणार?" पाहुण्यांना विचारतात ना, तसं. आत्या हसली, वहिनी हसली, मीसुद्धा हसले. तो मात्र हसला नाही.

दुसऱ्या दिवशी सकाळी तो आमच्या ओट्यावर येऊन बसला. "बाय, मला आता इथंच राहायचं हाय," तो म्हणाला. "बेकरी टाकतो. दुकान तू करून दे." हॉटेलवाल्यांनी त्याची जागा पुढच्या उन्हाळ्यापर्यंत राखून ठेवतो म्हणून सांगितलं होतं. म्हणजे तेवढ्या वेळात बेकरीने घर चालवून दाखवायचं, नाही तर पुन्हा विमान गाठायचं. मी मुंबईत इंटिरिअरचा डिप्लोमा घेऊन नुकतीच घरी आले होते आणि कामाला हपापलेली होते. मी लगेच हो म्हटलं. तेव्हा मला वाटलं होतं, अवघड भाग म्हणजे भट्टी.

भट्टीचं काम सगळ्यात सोपं निघालं. अवघड होती ती कोठी.

कोठी गावाच्या मालकीची. कुणी म्हणे पोर्तुगीजांच्या काळातली, कुणी म्हणे त्याच्या नंतरची. पूर्वी तिच्यात देवळाचं, म्हणजे आमच्या चर्चचं, भात साठवत. दीड हात जाड दगडी भिंती, त्यांवर चुन्याचा गिलावा, कमानीचा दरवाजा, वर कौलं. वर्षानुवर्षं ती रिकामीच होती. पावसाळ्यात लोक तिच्यात लाकडं टाकत आणि उन्हाळ्यात केळीचे घड ठेवत. तिची देखरेख गावच्या पंचांकडे होती आणि पंचांच्या वतीने बोलायचे एकटे मास्तर. आमच्या शाळेतून निवृत्त झालेले, मलाही त्यांनीच शिकवलेलं. भावाने कोठी भाड्याने मागितली तेव्हा मास्तरांनी लगेच होकार दिला. मुलगा गावात राहतोय याचाच त्यांना आनंद होता. फक्त एक अट घातली. भिंतीला हात लावायचा नाही.

"हात लावायचा नाही म्हणजे?" मी विचारलं.

"म्हणजे खिळा नाही, खुंटी नाही, छिद्र नाही. ती भिंत आपल्या खापरपणज्यांनी उभी केलेली हाय."

मी कागदावर आधी जे काही काढलं होतं, ते सगळं भिंतीवर टांगलेलं होतं. फळ्या भिंतीवर, दिवे भिंतीवर, दुकानाची पाटीसुद्धा भिंतीवर. सगळे कागद फाडले आणि नव्याने बसले. फळ्यांना जमिनीवर उभ्या राहणाऱ्या लाकडी घोड्या केल्या. विजेच्या तारा छतालगत तुळईवरून फिरवल्या, कारण तुळई मागाहून बदललेली होती आणि मास्तरांच्या मते तिला खिळा चालत होता. हा निर्णय मिळवायला मला त्यांच्या घरी तीन वेळा चहा प्यावा लागला. कोठीचा एकही कोपरा काटकोनात नव्हता. एका टोकाला भिंतीला चिकटवलेलं कपाट दुसऱ्या टोकाला वीतभर पुढे यायचं. सुतार माझ्या नकाशाकडे बघायचा, भिंतीकडे बघायचा आणि मग तंबाखू मळायला बसायचा.

त्यात पुन्हा येणारे-जाणारे. आमच्या गावात कुणाच्या घराला रंग लागला तरी सगळा गाव मत द्यायला येतो, इथे तर कोठी सर्वांची. बावखलावर, म्हणजे गावच्या तळ्यावर, जाणारा माणूस वाकडी वाट करून आत डोकवायचा. एक म्हणायचा कपाट उजवीकडे घ्या, दुसरा म्हणायचा डावीकडे. "तू शिकलेली हायस, तुला काय सांगायचं," असं म्हणून पुढे अर्धा तास सांगायचा. फुकटचा सल्ला द्यायला कुणाच्या बापाचं काय जातं!

काचेचं मोठं कपाट हा माझा अभिमानाचा विषय होता. वालीवच्या एका कारखान्यात उभं राहून मी ते करून घेतलं. खाली पत्र्याचे खण, पुढून तिरकी काच, आत छोटा दिवा. त्यात खारी, बटर, टोस्ट, केक मांडले की लोक काचेवर नाक लावून बघतील, असं मला वाटत होतं. टेम्पोतून कपाट आलं, अर्धा गाव गोळा झाला, आणि ते कमानीतून आत जाईना. उभं करून पाहिलं, आडवं करून पाहिलं, तिरकं करून पाहिलं. मी दरवाजाचं माप घेतलं होतं, पण खालून. कमान वर निमुळती होत होती. मास्तर शांतपणे म्हणाले, "कपाट कापा." कारखान्यातला माणूस येऊन ते मधोमध कापून गेला, आणि आत दोन तुकडे जोडल्यावर मध्ये एक पट्टी आली, ती मला आयुष्यभर दिसत राहिली. घरी जाऊन दार आपटलं. आईने विचारलं तर तिच्यावरच ओरडले.

पण खरी माशी शिंकली ती दारावरून. भट्टी कोठीच्या मागच्या पडवीत बांधली होती. पडवीला बाहेरून वाट नव्हती. तिच्या तिन्ही बाजूंना दुसऱ्याची केळीची वाडी आणि तिचं कुंपण. पडवीत जायला एकच दार होतं, दुकानाच्या आतून. म्हणजे मैद्याची पोती, जळाऊ लाकडं, सगळं गिऱ्हाइकांच्या मधून न्यायचं. मी मास्तरांना म्हटलं, कोठीच्या बाजूच्या भिंतीत, पडवीच्या दाराजवळ, एक लहान दार फोडू द्या, माल तिथून थेट मागे जाईल, दुकान स्वच्छ राहील. मास्तर म्हणाले, "दार?" आणि माझ्याकडे अशा नजरेने पाहिलं की जणू मी देवळाची घंटा विकायला निघाले होते. मी भांडले. भाऊ माझ्या मागे उभा राहून मला गप्प राहायच्या खुणा करत होता. शेवटी तोच म्हणाला, "राहू दे मास्तर, चालवून घेऊ." हे "चालवून घेऊ" त्याच्या तोंडी कायमचं बसलेलं होतं. भीड भिकेची बहीण म्हणतात, ते मी त्याच्याकडे बघून शिकले.

नाताळच्या थोडं आधी बेकरी सुरू झाली. फादरांनी येऊन आशीर्वाद दिला, पवित्र पाणी शिंपडलं, थोडं माझ्या काचेवरही पडलं. आणि खरं सांगते, दुकान सुंदर दिसत होतं. पांढरा चुना, काळं लाकूड, कपाटातला पिवळा दिवा, आणि मागून येणारा ताज्या पावाचा वास. वहिनी नवी साडी नेसून काचेमागे उभी होती. मुलगी खारीचा तुकडा हातात घेऊन सगळ्यांना सांगत होती, "हे आमचं हाय." भाऊ त्या दिवशी कुणाकडून पैसे घेईना. येईल त्याच्या हातात पावाची जोडी देत होता. पहिला दिवस आहे, मी म्हटलं, ठीक आहे.

दुसऱ्या दिवशी शेजारची मावशी आली. नात्याने मावशी नव्हे, पण आम्ही तिच्याच अंगणात वाढलो. तिच्या डोक्यावर पत्र्याचा ट्रे होता आणि ट्रेमध्ये घरी वळलेल्या नानखटाया. "नाताळ आला," ती म्हणाली. "तेवढ्या भाजून दे रे बाबा."

आता ही रीत आमच्याकडे जुनीच. सणाला घरी पीठ मळायचं, नानखटाया वळायच्या, केकचं मिश्रण फेटायचं आणि बेकरीत नेऊन भाजून आणायचं. घरी कुणाकडे ओव्हन होता? पूर्वी त्यासाठी वसईच्या बाजारपेठेत जावं लागे, तिथे बेकरीवाला खेकसे, रांगेत उभं करी. आता भट्टी गावात आली, आणि तीही आपल्या पोराची. दुपारपर्यंत माझ्या दुकानात पाय ठेवायला जागा राहिली नाही. दार एकच, त्यामुळे पडवीत जाणारा प्रत्येक ट्रे दुकानातून गेला, आणि भट्टीत जागा होईपर्यंत दुकानातच थांबला. घोड्यांवर ट्रे, जमिनीवर ट्रे, काचेच्या कपाटावर एकावर एक ट्रे. तुपाचे ओघळ काचेवरून खाली येत होते. बायका मांडी घालून बसल्या होत्या, कुणी तिथेच उरलेल्या नानखटाया वळत होती, कुणी पोरीच्या लग्नाचं बोलत होती. वहिनी कपाटाच्या मागे अडकून पडली होती आणि तिने मांडलेले केक कुणाला दिसत नव्हते.

मी भावाला पडवीत गाठलं. तो घामाने निथळत लांब दांड्याने ट्रे आत सारत होता.

"तुझी खारी कोण घेणार? कपाट दिसत नाही!"

"गर्दी बघ ना बाय," तो हसत म्हणाला. "पाय लागले दुकानाला."

पाय लागले, हे खरं होतं. नाताळचे दिवस मी सोडून दिले. सणाला कुणाला नाही म्हणणार? भाजण्याचे चार पैसे कुणी देई, कुणी "नंतर" म्हणे, आणि तो मान हलवून "राहू द्या" म्हणे. जानेवारीत सगळं शांत होईल, मी स्वतःला समजावलं.

जानेवारीत बाप्तिस्मे निघाले, लग्नं निघाली. मग कुणाच्या मुलाचा वाढदिवस, कुणाचे पाहुणे येणार. ट्रे काही थांबेनात. ईस्टरच्या आधीचा चाळीस दिवसांचा उपासकाळ लागला तेव्हा वाटलं, आता गोड बंद, सुटलो. तर उपासाच्या पहिल्याच शुक्रवारी, मटण वर्ज्य पण मासे चालतात म्हणून, मावशी केळीच्या पानात गुंडाळलेले बांगडे घेऊन आली. भट्टीत फार छान भाजतात म्हणे. तिचं ऐकून आणखी चौघी आल्या. त्या दिवशी भावाच्या खारीला बांगड्याचा वास लागला आणि सगळी खारी घरच्या कोंबड्यांना गेली. घरचं झालं थोडं आणि व्याह्यानं धाडलं घोडं! मी कोठीच्या पायरीवर बसून रडले. रागाने रडले, दुःखाने रडायला मला वेळ लागतो.

याच सुमारास एका सकाळी मी आमच्या दारात उभी होते. सायकलवरचा पाववाला भोंगा वाजवत आला. तो लांबच्या एका बेकरीचा पाव विकायचा, आधीपासूनच. मी पाहत राहिले. मावशी बाहेर आली, तिने पाव घेतला. तिच्या शेजारणीने घेतला, पलीकडच्या घराने घेतला. मास्तरांनी धोतर सावरत बाहेर येऊन स्वतः घेतला. कोठी तिथून हाकेच्या अंतरावर होती आणि तिथे भावाचा पाव ताजा, गरम मांडलेला होता.

मला राहवलं नाही. मी मावशीला तिच्या ओट्यावरच गाठलं. "आपल्या पोराची बेकरी असताना ह्याच्याकडून पाव?"

तिला माझा प्रश्नच समजला नाही. "अगं, त्याच्याकडून कसा घेणार?" ती म्हणाली. "तो पैसे घेत नाय. घेतले तर आपल्यालाच कसंतरी वाटतं. शिळा निघाला तर बोलता येत नाय. आपल्या माणसात यवहार आणू नये, बाय. हा परका हाय, ह्याला दोन शब्द बोल्लं तरी चालतं. त्याचंबी पोट हाय ना."

"आणि भावाचं पोट?"

"म्हणून तर आम्ही सगळ्या त्याच्याकडे भाजायला नेतो. नायतर काय, बाजारपेठेत भट्ट्या नायत? आपला पोरगा राहिला पायजे गावात."

ती हे अगदी मनापासून बोलत होती. चोराशी भांडता येतं, शत्रूशी भांडता येतं. माया करणाऱ्या माणसाशी कसं भांडायचं, ते मला कुठल्याही डिप्लोमात शिकवलं नव्हतं. आपलेच दात, आपलेच ओठ.

मग मी मला येत होतं ते केलं, पुन्हा नकाशा काढला. ट्रेसाठी बाहेर, कोठीच्या पुढच्या व्हरांड्यात, एक लांब टेबल टाकायचं, म्हणजे निदान दुकान मोकळं राहील. मास्तरांकडे गेले. व्हरांड्यात टेबल नाही, ते म्हणाले. गावच्या सणाला मिरवणूक तिथे विसावते, मूर्ती तिथे ठेवतात. वर्षातून एकदा, मी म्हटलं. वर्षातून एकदा, तेही म्हणाले, आणि तेवढ्यावर विषय संपला. निघताना त्यांनीच मला विचारलं, "बेकरी छान चाललीय ना? कायम गर्दी दिसते."

शेवटी मी स्वतःच्या हाताने एक फलक रंगवला. "घरचे ट्रे फक्त बुधवारी." इतकं मऊ लिहिलं होतं, तरी भावाचा चेहरा पडला. फलक भिंतीला ठोकता येईना, म्हणून मी तो कपाटाला टेकवून उभा केला. दुसऱ्या दिवशी जाऊन पाहते तर तो कपाटावर आडवा घातलेला आणि त्यावर गरम ट्रे ठेवलेला. काच तडकू नये म्हणून, वहिनीने सांगितलं. ठेवणारीने काळजीच घेतली होती.

मी भावावर तुटून पडले. "एकदा, फक्त एकदा नाही म्हण! तुझं तोंड शिवलंय का?"

तो पीठ मळतच होता. "मी तिकडे असताना," तो हळू म्हणाला, "बाबा आजारी पडले, तेव्हा ह्याच बायकांनी आईला रात्र-रात्र सोबत केली. मावशीच्या घरून डबा यायचा. मी पोचलो तो मातीनंतर. आता तिला सांगू, मावशी, बुधवारी ये?"

मला अधिकच राग आला. त्याचा, मावशीचा, मास्तरांचा, त्या दीड हात भिंतीचा. एक दार मिळालं असतं तर, असं मी आजही म्हणते. लोक मला सांगतात की दाराने काही झालं नसतं. नसेल झालं. पण मला ते करून तर पाहू द्यायचं होतं!

ईस्टरच्या आधीचा झावळ्यांचा रविवार आला. देवळातली मिस्सा, म्हणजे प्रार्थना, संपल्यावर भाऊ आमच्याकडे आला आणि आईला म्हणाला, "मामी, मी हॉटेलला कळवलं. येतो म्हणून." एवढंच. मी स्वयंपाकघरात होते. मी बाहेर आलेच नाही, कारण आले असते तर त्याला मारलं असतं. मुलगी त्या काही महिन्यांत त्याला इतकी चिकटली होती की त्याच्या पाठीवर बसल्याशिवाय देवळात यायची नाही. तिला कुणी काही सांगितलं नव्हतं.

ईस्टर झाला आणि त्याच्या निघण्याचा दिवस ठरला. आदल्या दिवशी संध्याकाळी मी कपाटाची काच पुसून त्यावर चादर टाकावी म्हणून कोठीत गेले. बंद दुकान असेल असं वाटलं होतं. दार सताड उघडं, आत सगळा गाव. भट्टी धडधडत होती. भाऊ स्वतः पडवीत उघड्या अंगाने ट्रे सारत होता आणि दुकानात बायका पत्र्याचे मोठे डबे पुसून त्यात नानखटाया भरत होत्या. मला वाटलं, आज शेवटच्या दिवशी तरी याला सोडा. पुढे गेले तर मावशीने एक नानखटाई माझ्या तोंडात कोंबली.

"त्याच्यासाठी करतोय," ती म्हणाली. तिचे डोळे लाल झाले होते. "तिकडे वाळवंटात त्याला कोण देणार असं? वर्षभर पुरतील."

नानखटाई चघळत मी आत पाहिलं. काचेमागे वहिनी उभी होती. तिच्यासमोरचं कपाट रिकामं होतं. मुलगी डब्यांची झाकणं लावायला मदत करत होती आणि पुन्हा पुन्हा विचारत होती की हे कुणाचे, हे कुणाचे. बायका तिच्या हातात पुढचं झाकण देत होत्या.

भाऊ हात पुसत बाहेर आला. रांगेने लावलेले डबे त्याने पाहिले. त्याने सगळ्यांसमोर हात जोडले.

"मावशी, माझ्यासाठी कशाला एवढा त्रास घेतलात?"

"त्रास कसला रे बाळा," मावशी पदराने डोळे पुसत म्हणाली, "तुझी भट्टी तापलेलीच होती."